बांधणी

क्लस्टरवरचा प्रोग्रॅम संथ चालला, की पहिला संशय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर जातो. गेली कित्येक वर्षे मी क्लस्टर सांभाळण्याचे काम करतो. माझा अनुभव असा, की आधी दोन साध्या गोष्टी तपासाव्यात: कोअर किती आहेत, आणि कोणती प्रोसेस कोणत्या कोअरवर बसली आहे.

मोजणी दिसते तितकी सोपी नसते. एका नोडमध्ये दोन प्रोसेसर आणि प्रत्येकात १६ कोअर असतील, तर कोअर ३२ झाले. पण हायपरथ्रेडिंग चालू असेल तर लिनक्स ६४ दाखवतो. काम करणारे हात वाढत नाहीत, हजेरीपटावरची नावे तेवढी दुप्पट होतात. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत आकाराला आलेले एचडब्ल्यूलॉक इथे उपयोगी पडते. त्यातला एलएसटोपो हा आदेश नोडच्या पोटातला नकाशाच काढून देतो.

मग बांधणी. प्रोसेस मोकळी सोडली, तर लिनक्स तिला एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवू शकतो. तिने कॅशमध्ये जमवलेले मागे राहते. ती दुसऱ्या प्रोसेसरवर गेली, तर तिची मेमरीही लांब पडते. म्हणून तिला एका कोअरला बांधतात. मात्र तिथे आधीच कोणी बसले आहे का, हे पाहावे लागते.

२०१९ साली एका संस्थेत पीएच.डी. करणारी मुलगी माझ्याकडे आली. पुराच्या पाण्याचे गणित ती मांडत होती. ७२ तासांची मुदत संपली, की शेड्युलर जॉब बंद करतो. तिचा जॉब तीनदा असाच मेला होता. 'प्रोग्रॅमच कच्चा आहे' असे तिला सांगण्यात आले होते, आणि फेलोशिपचे चारच महिने उरले होते.

"सर, मी लहान गावातल्या कॉलेजात शिकले. माझाच पाया कच्चा असेल," ती म्हणाली. कोणी न विचारता तिने हे सांगितले, ते मला लागले.

जॉब चालू असताना मी नोडवर टॉप उघडले. पहिले १६ कोअर पूर्ण भरलेले, उरलेले १६ रिकामे. त्याच नोडवर दुसऱ्या कोणाचाही १६ प्रोसेसचा जॉब होता. शेड्युलरने दोघांना वेगवेगळे कोअर नेमून दिले होते. पण एमपीआयचा लाँचर शेड्युलरच्या आधाराशिवाय कंपाइल केलेला होता. त्याला ती वाटणी कळतच नव्हती. दोन्ही जॉबनी शून्य क्रमांकापासून मोजायला सुरुवात केली आणि आपापल्या प्रोसेस त्याच १६ कोअरना बांधल्या. टास्कसेटने विचारले, तर दोन्हीकडून तेच क्रमांक आले. त्यात एमपीआयची प्रोसेस निरोपाची वाट पाहतानाही कोअर सोडत नाही, सारखी विचारत राहते. त्यामुळे वेग निम्म्याहूनही खाली आला होता. बांधणीचा तो पर्याय तिने संस्थेच्याच नमुना स्क्रिप्टमधून जसाच्या तसा घेतला होता.

लाँचर पुन्हा कंपाइल करून घेतला. सीग्रुपची मर्यादा चालू केली, म्हणजे जॉबला फक्त त्याच्या वाटणीचेच कोअर मिळतात. तिच्या प्रोग्रॅममधली एकही ओळ बदलली नाही. चौथ्या वेळी जॉब ३१ तासांत पूर्ण झाला.

सुट्टीत मालेगावला गेलो, तेव्हा अब्बांना हे सांगितले. त्यांची हयात यंत्रमागांवर गेली. प्रोसेस, कोअर हे शब्द त्यांच्या कानावरचे नाहीत, पण ते शांतपणे ऐकत होते.

"एका मागावर दोघे उभे केले आणि शेजारचा माग बंद ठेवला, तर कापड कमी निघणारच," ते म्हणाले. मग थोडे थांबून विचारले, "मजुरी कोणाची कापली?"

मी म्हणालो, "त्या पोरीचीच कापली जाणार होती."

आता कोणी संथ जॉब घेऊन आले, की मी त्यांचा प्रोग्रॅम उघडत नाही. त्यांना कुठे बसवले आहे, ते आधी पाहतो.