लालीचा हिशेब

रक्तपेढीत नव्याने आलेली मुलं पिशवी उजेडाकडे धरतात. वरचा थर गुलाबी दिसला की म्हणतात, "सर, ही गेली." मी त्यांना थांबवतो. डोळ्याला लाली दिसते, किती पेशी फुटल्या ते दिसत नाही.

सॅगम द्रावणातल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ४२ दिवस ठेवता येतात. एवढ्या दिवसांत त्यांची ऊर्जा घटते, आवरण ताठर होतं, काही फुटतात आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. मुदत संपताना फुटलेल्यांचं प्रमाण युरोपात ०.८ टक्क्यांच्या आत असावं लागतं, अमेरिकेत १ टक्क्याच्या.

एवढं थोडं मोजायचं, तर आपला हात आड येता कामा नये. नमुना घेण्याआधी पिशवी पाळण्यासारखी हलवायची. घुसळली की पेशी आपणच फोडतो. बारीक सुईतून जोराने ओढलं तरी तेच. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर पिपेटचं टोक खालच्या थराला लागू द्यायचं नाही. वरचा द्रव वेगळ्या नळीत घेऊन पुन्हा फिरवायचा, म्हणजे तरंगत राहिलेल्या पेशीही खाली बसतात.

मग रीडिंग. रक्तदात्याच्या प्लाझ्मात चरबी जास्त असेल तर द्रव गढूळ असतो, आणि तो गढूळपणाही यंत्र हिमोग्लोबिन म्हणून मोजतं. म्हणून मला हार्बोची पद्धत आवडते. ४१५ नॅनोमीटरला हिमोग्लोबिन प्रकाश सर्वाधिक शोषतं. ३८० आणि ४५० ची रीडिंग घेऊन मागचा गढूळपणा वजा करता येतो.

खरी गफलत मात्र शेवटच्या गणितात होते. समजा, पिशवीतलं एकूण हिमोग्लोबिन डेसिलिटरला १८ ग्रॅम, हिमॅटोक्रिट, म्हणजे पेशींचा वाटा, ५५ टक्के आणि वरच्या द्रवातलं हिमोग्लोबिन ०.२ ग्रॅम आहे. ०.२ ला सरळ १८ ने भागलं तर १.१ टक्के येतात, म्हणजे पिशवी बाद. पण पिशवीत द्रव आहे फक्त ४५ टक्के. तेवढ्यानेच गुणलं की उत्तर ०.५ टक्के येतं. पिशवी उत्तम आहे! तिच्यासाठी कुणीतरी शिबिरात रांग लावून हात पुढे केलेला असतो.

तुमच्या नोंदवहीत टक्केवारीशेजारी हिमॅटोक्रिटचा रकाना नसेल, तर तो आजच आखून घ्या.