वेताचा हिशेब

उंदरांची पैदास वाढवायला फारसं कौशल्य लागत नाही. नर-मादी एकत्र ठेवा, खाद्य-पाणी द्या, तीन-साडेतीन आठवड्यांत पिंजऱ्यात आठ-दहा पिलं वळवळायला लागतात. कसब लागतं ते ही पैदास हवी तेव्हाच आणि हवी तेवढीच होऊ देण्यात. विदर्भातल्या एका संशोधन संस्थेचं अ‍ॅनिमल हाऊस मी पशुवैद्य म्हणून सांभाळते आणि माझा बराचसा वेळ या रोखून धरण्याच्या कामात जातो. शोधनिबंधात आमच्या वाट्याला एक वाक्य येतं : अमुक जातीचे, अमुक वजनाचे रॅट वापरले. त्या वाक्यामागे काय काय असतं, ते सांगावंसं वाटतं.

आमच्याकडचे रॅट विस्टार जातीचे, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ पासून या प्रयोगशाळेतल्या रॅटची पद्धतशीर जोपासना सुरू झाली आणि पुढे हा वंश जगभर पसरला. प्लास्टिकचा खोल पिंजरा, वर स्टीलची जाळी, जाळीच्या खळग्यात खाद्याच्या कांड्या, शेजारी उलटी लावलेली पाण्याची बाटली, आणि तळाला भंडाऱ्याकडून येणारं, ऑटोक्लेव्ह करून घेतलेलं भाताचं तूस. एवढंच त्यांचं जग. ते लहान आहे म्हणूनच त्यातल्या प्रत्येक गोष्टीला फार महत्त्व येतं.

सकाळी खोलीचं दार उघडलं की पहिलं काम नाकाचं. मुतातून तयार होणारा अमोनिया नाकाला झोंबला, तर तूस बदलायला उशीर झाला आहे किंवा एक्झॉस्ट नीट चालत नाही. आपल्याला तो दारात झोंबतो, पण रॅटचं नाक दिवसभर त्या तुसालगतच असतं आणि त्यानं श्वासनलिकेचं अस्तर खराब होऊन फुप्फुसाचे जुने आजार बळावतात. दुसरं काम डोळ्यांचं. रॅटच्या डोळ्याभोवती किंवा नाकाशी लालसर पापुद्रा दिसला की नवखा माणूस रक्त समजून घाबरतो. तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. निरोगी रॅट तो चाटून-पुसून साफ करत राहतो. त्यामुळे तो साचलेला दिसला, की जनावर आजारी आहे किंवा ताणात आहे एवढं नक्की.

जुळवणीत अंदाजाला जागा नाही. मादीचा माज चार-पाच दिवसांनी येतो आणि काही तासच टिकतो. नराजवळ ठेवलेल्या मादीचा सकाळी स्मिअर घ्यायचा : सलाइनचा एक थेंब आत सोडून परत ओढायचा, काचपट्टीवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. माजावरच्या मादीच्या थेंबात वाळक्या पापुद्र्यासारख्या, केंद्रक नसलेल्या पेशी दिसतात, आणि त्यांच्या अधूनमधून शुक्रजंतू दिसले की तो दिवस गाभणपणाचा पहिला दिवस म्हणून पिंजऱ्याच्या कार्डावर चढतो. तिथून एकवीस ते तेवीस दिवस. या कार्डावर आई-बापाचे नंबरही असतात, कारण सख्खी भावंडं जुळवली जाऊ नयेत. आम्ही कॉलनीचे गट पाडले आहेत आणि एका गटातले नर ठरलेल्या क्रमानं पुढच्या गटातल्या माद्यांना देतो. हा क्रम मोडला तर वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. काही पिढ्यांनी वेतं लहान होत जातात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

व्यालेल्या मादीचा पिंजरा आम्ही पहिले काही दिवस हलवतसुद्धा नाही. नवजात पिलू पाच-सहा ग्रॅमचं, बिनकेसाचं, डोळे-कान मिटलेलं. कातडी इतकी पातळ की दूध प्यायलेल्या पिलाच्या डाव्या कुशीत पोटातल्या दुधाचा पांढरा पट्टा बाहेरून स्पष्ट दिसतो. तो पट्टा पाहायला पिलाला हात लावावा लागत नाही. आई घरट्यातून खाद्याकडे गेली की जाळीतून नजर टाकायची, बस. सगळ्यांच्या कुशी पांढऱ्या असल्या की मी पुढच्या पिंजऱ्याकडे वळते. आमचे सर्वांत जुने अटेंडंट, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांना पिलाला हात लावावाच लागला तर ते आधी त्याच पिंजऱ्यातलं तूस हातमोज्यांवर चोळतात. परका वास आला तर काही माद्या पिलं मारतात, खातातही. पुढे पिंजरा बदलतानाही मामा जुन्या घरट्याचा एक मूठभर भाग नव्या तुसात ठेवतात. नव्या मुलांना ते म्हणतात, “बाळंतिणीची खोली आहे बाबा, दार हळू लाव.”

आवाजाचा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. रॅटला ७० हजारांच्या पुढचंही. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत गळका नळ त्यांना छळत असू शकतो. आणि दिवाळी तर प्रत्येकाला ऐकू येते. फटाक्यांच्या दणक्यानं नुकत्याच व्यालेल्या माद्या पिलं टाकतात. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत जुळवलेली मादी नेमकी दिवाळीच्या आगेमागे विणार, म्हणून नवरात्रात आमच्याकडे नर आणि माद्या वेगळ्या. व्यालेल्या मादीपाशी नर ठेवून चालत नाही ते वेगळंच. ती चोवीस तासांच्या आत पुन्हा माजावर येते.

उन्हाळा ही आमच्या भागातली खरी परीक्षा. रॅटला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो आणि फारच तापलं तर अंगाला लाळ फासतो. खोली २२ अंशांच्या आसपास हवी आणि हवेतला दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. मे महिन्यातली इथली हवा एसीत आणखी कोरडी होते आणि दूध पिणाऱ्या पिलांच्या शेपटीला आवळल्यासारखी कडी पडतात. दुर्लक्ष झालं तर शेपटीचा तुकडा गळून पडतो. त्या दिवसांत ह्युमिडिफायर आणि जनरेटरचं डिझेल या दोन गोष्टी मी जातीनं पाहते.

तरी या सगळ्याहून मला अस्वस्थ करतो तो आकडा. समजा, कुणाला आठ आठवड्यांचे ४० नर हवेत. निम्म्या माद्या जन्मणार, म्हणजे ८० पिलं, म्हणजे आठ वेतं. सगळ्या माद्या गाभण राहतातच असं नाही, म्हणून दहा जुळवायच्या. उरलेल्या ४० माद्यांचं काय? थोड्या पैदाशीला ठेवता येतात, थोड्या दुसऱ्या प्रयोगाला जातात, बाकीच्यांना मारावं लागतं. ते काम मी स्वतः करते, नियमानुसार, त्यांना कमीत कमी त्रास होईल असं. पण ज्यांची कुणालाच गरज नव्हती ते जीव आम्ही जन्माला घातले, हे त्यानं बदलत नाही. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत, संस्थेची एथिक्स कमिटी आहे. कमिटी प्रयोगात किती प्राणी वापरणार ते बारकाईनं विचारते. ते मिळवायला किती जन्माला घालावे लागले, हे विचारलं जाताना मी क्वचितच पाहिलं आहे.

नरच का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : माद्यांच्या माजाच्या चक्रामुळे निकाल विखुरतात. मेंदूविज्ञानातल्या रॅटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नसतात असं त्यातून निघालं. प्रश्न फक्त नरांपुरता असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ही सवय आहे, आणि तिची किंमत आमच्या खोलीत मोजली जाते.

म्हणून संशोधकांना, विशेषतः पीएचडीच्या मुलामुलींना एक विनंती. रॅट हवे असतील तर किमान बारा आठवडे आधी कळवा. मादी माजावर यायला पाच दिवस, गाभणपणाचे बावीस, पिलू आठ आठवड्यांचं व्हायला छप्पन्न, हा हिशेब कुणालाच आखूड करता येत नाही. संख्या, वय, वजन, तारीख कागदावर द्या. बेत बदलला तर त्याच दिवशी फोन करा, जुळवणी व्हायच्या आत. आणि नर-मादी दोन्ही चालणार असतील तर तसं स्पष्ट लिहा. ४० नरांऐवजी २० नर आणि २० माद्या चालल्या, तर आम्हाला दहाच्या जागी पाचच माद्या जुळवाव्या लागतात.