हवी तेवढीच ऊब

बार्शीच्या पेठेत चाळीस वर्षे भुसार मालाचा व्यापार केलेले अण्णा आता शिकागोजवळच्या बार्टलेट या उपनगरात मुलाकडे राहतात. तेथे जिनमंदिर आहे. मुलांना स्वाध्यायासाठी ग्रंथ ठेवायला छोटे लाकडी चौरंग करून द्यावेत, हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. घराला लागून असलेले मोटारीचे गॅरेज हीच त्यांची कार्यशाळा.

त्या भागात जानेवारीत पारा कधी कधी शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो. बोटे आखडली की हातात रंधा धरवत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात अण्णांनी रॉकेलवर चालणारा हीटर आणला. किंमत कमी, धग भरपूर. व्यापारी मनाला सौदा पटला. वारा येऊ नये म्हणून त्यांनी दार पुरते बंद केले. शेजारी बसून नात लाकडाला काचकागद घासत होती. थोड्या वेळाने अण्णांचे डोके जड झाले. त्या दिवशी अष्टमी होती. उपवासामुळे असेल, असे समजून ते काम करीतच राहिले. मग नात म्हणाली, “आजोबा, माझंही डोकं दुखतंय.” तिचा तर उपवास नव्हता. इतक्यात घरातील विषारी वायूची सूचना देणारी घंटा वाजली. सूनबाईंनी धावत येऊन दार उघडले आणि दोघांना बाहेर काढले.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. कोंडलेल्या जागेत इंधन अपुरे जळले की तो साचतो. हे समजल्यावर अण्णांना रात्रभर झोप लागली नाही. जन्मभर पाणी गाळून प्यालेल्या माणसाने दार लावून विस्तव पेटवला आणि नातीला त्याच्याशेजारी बसवले! तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. त्या शब्दाचा अर्थ त्यांना त्या रात्री नव्याने कळला.

पुढच्या रविवारी पितापुत्र हिशेबाला बसले. मुलगा म्हणाला, “अण्णा, पाच हजार वॅटचा मोठा हीटर बसवू, सगळं गॅरेज गरम होईल.” अण्णांनी विचारले, “काम कोपऱ्यात, मग बाकीची जागा कोणासाठी तापवायची?” समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात निष्प्रयोजन अग्नी चेतवणे हे अनर्थदंडात, प्रमादचर्येत गणले आहे. विजेची ऊब सर्वस्वी निर्दोष, असा अण्णांचा दावा नव्हता. मात्र गरजेपुरतीच घ्यावी, हा आग्रह होता.

जागेची अडचणही पाहावी लागली. लाकडाचा भुसा आणि वॉर्निश दोन्ही पेट घेणारी. मोटारीतील पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. तेव्हा उघडी ज्योत नको, लाल होणारी तारही नको. दुकानात पंधराशे वॅटचे कितीतरी विजेचे हीटर होते. किमती निरनिराळ्या, पण वीज तितकीच घेत असल्याने एकूण उष्णता सारखीच. फरक होता तो ती उष्णता कोठे पोहोचते याचा. पंख्याचा हीटर आधी हवा तापवतो, आणि दार उघडताच ती हवा निघून जाते. किरणांनी ऊब देणारे सपाट पॅनेल मात्र समोर बसलेल्या माणसालाच ऊब देते. तेच त्यांनी निवडले आणि भिंतीवर उंच बसवले. एकशेवीस व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर वीज ओढते, म्हणून वायरमनकडून त्याला वीस अँपिअरची स्वतंत्र लाइन घेतली. जोडवायर वापरली नाही. दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावली. तीन तास काम केले की साडेचार युनिट, एवढा हिशेब वहीत मांडला.

आता अण्णा कानटोपी घालून कामाला बसतात. हीटर लावण्यापूर्वी नात मऊ कुंचल्याने पॅनेल आणि भोवतालची जागा झाडते. उबेला आलेला एखादा कोळी अलगद उचलला जातो, भुसाही दूर होतो. जीवदया आणि सावधपणा एकाच कुंचल्याने साधतो. उपवासाच्या दिवशी गॅरेज बंद असते. शरीर काही सांगू लागले तर ते ऐकू यावे म्हणून.