सांगणाऱ्याला कायद्याची ढाल आहे, सोबत आपल्यालाच द्यावी लागेल

तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या विहारात आम्ही कायद्यावर बोलत होतो. बैठक उठता उठता अंगणवाडीत मदतनीस असलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, एका लेकरासंग काहीतरी वाईट होऊन राह्यलं असं वाटते. पण पुरावा नाही. खोटं निघालं तर मलेच आत टाकतील ना?"

आम्ही गप्प झालो. याच भीतीपायी आम्हीही एकदा तोंड मिटून बसलो होतो.

साथींनो, पोक्सो कायदा, 2012 चे कलम 19 आपल्याकडे पुरावा मागतच नाही. गुन्हा घडेल अशी आशंका असली, घडल्याचे कळले, तरी पोलिसांना कळवायचे. तपास करणे त्यांचे काम. पोलिसांनी ती माहिती लिहून घ्यावी, नोंद क्रमांक द्यावा, वाचून दाखवावी. सद्भावनेने सांगणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असे कलम 19(7) स्पष्ट सांगते. कलम 22 ची शिक्षा कुणाला बदनाम करण्यासाठी, पैसे उकळण्यासाठी मुद्दाम खोटे सांगणाऱ्याला आहे. उलट माहीत असून लपवणे हाच कलम 21 खाली गुन्हा आहे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवले नाही, असा आरोप होता. त्याच्यावरील गुन्हा नागपूर खंडपीठाने रद्द केला. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे बजावले.

पण कायद्याची ही ढाल कोर्टापुरती आहे. आरोपी पाटलाचा, संस्थाचालकाचा माणूस असला आणि सांगणारी आपल्या वस्तीतली असली, की मजुरी तुटते, दळण बंद होते, घरासमोर माणसे उभी राहतात. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम 15अ साक्षीदारालाही संरक्षण देते. ते मागायला मात्र एकटी बाई जाऊ शकत नाही.

बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हटले ते जयंतीच्या मिरवणुकीपुरते नव्हे. आम्ही ताईंना एकच सांगितले: लेकराचे नाव कुठेही बोलू नका, ठाण्यात आम्ही तुमच्यासोबत येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच जण गेलो. नोंद क्रमांक घेऊनच परतलो.

जय भीम.