गडावरची एक रात्र

घरातल्या कर्त्या माणसाचे मोठे आजारपण झाले की माणूस बरा होतो, पण घर मात्र आजारीच राहते. यांची बायपास झाल्यापासून आमच्याकडे तेच झाले होते. "जिना सावकाश," "पिशवी इकडे द्या," असा दिवसभर धोशा. वर्षभराने सगळ्या तपासण्या करून डॉक्टरांनी चढण्या-उतरण्याची परवानगी दिली. तरी माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

शेवटी मुलांनीच बेत ठरवला. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला निघालो. पाचनईपर्यंत गाडी जाते, पुढे सारे पायीच. गडाच्या वाटांमध्ये ही सोपी. सराईत माणूस दोन-अडीच तासांत वर पोचतो. आम्हाला चार तास लागले. कड्याच्या पोटाखालून जाणाऱ्या वाटेवर हे मधून मधून थांबत, पाणी पीत आणि पुन्हा चालू लागत. मुले डोंगर पाहत होती, मी यांचा चेहरा.

वर हरिश्चंद्रेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. जवळच केदारेश्वराची गुहा. तिथे कंबरभर गार पाण्यात भलेमोठे शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत! संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. आत वळलेला तो प्रचंड कडा, खालून उसळून येणारा वारा आणि कोकणात उतरणारा सूर्य. आम्ही कडेपासून लांबच बसलो.

पाचनईच्या एका मावशींनी चुलीवरचे पिठले-भाकरी वाढले. मग तंबूत शिरलो. गारठा मी म्हणत होता. मोबाइलला रेंज नाही, दवाखाना कोसों दूर. मी यांचा श्वास ऐकत पडून राहिले. कधी तरी डोळा लागला आणि दचकून जाग आली. शेजारची जागा रिकामी!

धडधडत्या छातीने बाहेर आले. हे शाल पांघरून एका दगडावर बसले होते. वर आभाळभर चांदण्या.

"अहो, थंडी बाधेल ना!"

"अगं, वर्षभरात आज पहिल्यांदा मी कुणाचा पेशंट नाही. बस जरा."

मी काही न बोलता शेजारी बसले. किती वेळ, कोण जाणे!

सकाळी उतरताना यांनी स्वतःची सॅक स्वतः उचलली. आता बाजाराची पिशवीही तेच आणतात. मी दारात उभी राहते, पण हात पुढे करत नाही.

तुम्हालाही जायचे असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या. हा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाची परवानगी आहे ना, हे निघण्यापूर्वीच विचारा. जाड पांघरूण आणि टॉर्च बरोबर ठेवा, कचरा खाली घेऊन या. आणि आपल्या माणसाला त्याच्या चालीने चालू द्या.