उन्हाच्या माहेरी

नागपूरला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी माणसाची सावली त्याला सोडून जाते. सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि रस्त्याकडेच्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी गडप होते. पुण्या-मुंबईस हा योग मेच्या मध्यास येतो. पण तेथे तो एक गंमत वाटतो. विदर्भात त्याचा अर्थ निराळा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर चढला होता! अशा मुलुखात ऐन उन्हाळ्यात कशाला जायचे, असे आप्तेष्टांनी विचारणे साहजिकच होते. परंतु उन्हाशी कसे वागावे हे पाहायचे, तर उन्हाच्या माहेरीच गेले पाहिजे.

वर्ध्याजवळचे सेवाग्राम हा पहिला मुक्काम. गांधीजी १९३६ साली येथे राहावयास आले. बापूकुटीत लोक चरखा पाहतात, बैठक पाहतात; मी भिंती पाहत राहिलो. जाड मातीच्या भिंती, खाली उतरलेले कौलारू छप्पर आणि पडवी. बाहेर अंगण तापलेले असताना आत शिरले की डोळे निवतात. सकाळ-संध्याकाळ फिरण्याचा महात्माजींचा नेम सर्वश्रुत आहे. उन्हाळ्यात डोक्यावर ओले फडके घेतलेली त्यांची छायाचित्रेही आहेत. चालणे थंड वेळी आणि दुपार सावलीत, हा रिवाज इथल्या खेड्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे.

तेथून चंद्रपूरकडच्या रानात गेलो. तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. विड्या वळण्याची ही पाने खुडायला बायाबापड्या पहाटेच्या अंधारातच जंगलात शिरतात. कोसभर चालायचे, वाकून पाने तोडायची, ओझे डोक्यावर घेऊन परतायचे आणि मग घरी बसून पुडकी बांधायची. आपण पैसे भरून व्यायामशाळेत जो घाम गाळतो, तो इथे सूर्योदयापूर्वीच गाळून होतो. एका वृद्ध बाईंना मी विचारले, “आजी, इतक्या पहाटे वाघाची भीती नाही वाटत?”

“वाघ एखाद्या दिवशी भेटते, बापा, ऊन रोजच भेटते,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आंधी उठाचं, अन् ते तापाच्या आंधी घरी याचं.”

वाघाची भीती खोटी नाही. या रानांत पाने तोडायला गेलेली माणसे त्याला बळी पडली आहेत. तरीही त्यांनी दोन संकटांतून पहाट निवडली होती.

मात्र गावाला ऊन कळते, म्हणून गावात सारे क्षेम आहे असे समजू नये. स्वतःच्या शेतावर शेतकरी अकराला झाडाखाली टेकू शकतो. वीटभट्टीवर, रस्त्याच्या खडीवर वेळ मुकादमाची असते. रोज बुडाला तर संध्याकाळी चूल कशी पेटायची? त्यातून विदर्भाची हवा कोरडी. घाम येतो तसा वाळून जातो, आणि शरीरातले पाणी किती गेले याचा पत्ताच लागत नाही. खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही, असे अनेकजण मानतात. तो कांदा भाकरीबरोबर खावा आणि वर तांब्याभर पाणी किंवा ताक प्यावे, हे अधिक गुणकारी!

नागपूर शहरात परतलो, तेव्हा चित्र उलटे दिसले. अंबाझरीला पहाटे फिरणारे पुष्कळ. पण साडेआठला उन्हातान्हात धापा टाकीत चालणारेही काही कमी नव्हते. प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे तरी अंग हलेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो कोणत्या वेळी करावा हे मात्र आपल्या आजीबाईंनाच विचारावे! सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्याहून आखूड झाली, म्हणजे ऊन कडक झाले. मग टोपी, लांब बाह्या आणि आडोसा. सावळ्या कातडीला उन्हाचे भय नाही, ही समजूत अर्धीच खरी. सावळा रंग कातडी जळण्यापासून काहीसा वाचवतो. उष्माघातापासून किंवा डोळ्यांतल्या मोतीबिंदूपासून नाही. उलट सारा दिवस कचेरीत काढणाऱ्यांच्या अंगाला ऊन इतके कमी लागते, की सूर्याच्या देशात राहून ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडते.

आणि कोकणपट्टीत पारा चाळिशीच्या आत असतो म्हणून मुंबईकरांनी निर्धास्त राहू नये. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात ऊन लागून १४ माणसे दगावली. उन्हात कुणी बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर प्रथम सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तडक इस्पितळ गाठावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

प्रवासात राहून राहून एक गोष्ट मनात येत होती. सावली झाडाची असते, छपराची असते. पण खरी सावली वेळेची. आजीबाईंपाशी ती समज आहे, मुकादमाच्या हाताखालच्या मजुरापाशी समज असून वेळ नाही. आणि आपल्यापाशी वेळ थोडीफार असूनही समज हरवली आहे. एवढेच नव्हे, आपण दुपारी एक वाजता पंख्याखाली बसून जेवणाचा डबा मागवतो, गवंड्याला ‘आजच गच्ची पुरी करा’ म्हणतो, तेव्हा आपल्या वाटचे ऊन दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

आता दिवाळी आहे, ऊन कोवळे आहे, अंगणात बसून ते अंगावर घ्यावेसे वाटते. घ्यावे जरूर. पण घरातल्या कामांचा विचार चैत्रापूर्वीच करून ठेवावा: गवंड्याला सकाळ द्यावी, सामान संध्याकाळी मागवावे, दुपारी दारी आलेल्या पोऱ्याला घटकाभर बसवून गार पाणी द्यावे. त्याला फारसा खर्च नाही. एखाद्याचा जीव मात्र वाचेल.