न दिसणें आणि नसणें

संगणकास एखादें उपकरण जोडावें आणि त्यानें ‘हें ओळखतां आलें नाहीं’ असा शेरा द्यावा, हा अनुभव आतां घरोघरीं येतो. पुष्कळ मंडळी त्याचा अर्थ ‘उपकरण गेलें’ असाच करितात. आपल्या मीमांसकांनीं याहून अधिक सावधगिरी दाखविली आहे. वस्तु दिसत नाहीं एवढ्यावरून ती नाहीं, असें ठरत नाहीं. दिसण्यास लागणारी सर्व सामग्री जुळलेली असूनही ती दिसली नाहीं, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. यासच योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या माजघरांत घडा दिसला नाहीं म्हणून घडाच नाहीं, असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं.

तेव्हां प्रथम दिव्याची चौकशी करावी. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूएसबी पद्धतींत मूळच्या तारा चारच: दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. संगणक ५ व्होल्टची वीज पुरवितो. उपकरण निरोपाच्या तारेवरून ‘मी आलों’ असें सुचवितें. मग संगणक त्यास कर्त्याचा व वस्तूचा क्रमांक विचारून योग्य ड्रायव्हर, म्हणजे दुभाष्या, नेमून देतो. हा संवाद कोठेंही तुटला कीं ओळख पटत नाहीं. कांहीं केबलींत निरोपाच्या तारा नसतातच. मग फोन चार्ज होतो, पण संगणकास दिसत नाहीं. अँड्रॉइड फोन तर बहुधा कुलूप उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्याखेरीज आपलें दप्तर दाखवीत नाहीं.

आमच्या थोरल्या वहिनी निवर्तल्यावर त्यांच्या आवाजांतलीं मंगळागौरीचीं गाणीं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर तेवढीं उरलीं होतीं. गेल्या पावसाळ्यांत ती डिस्क संगणक ओळखेना. पुतण्या खिन्नपणें म्हणाला, “काका, डिस्क गेली. आईचा आवाजही गेला.” मीं म्हटलें, “तें अजून ठरायचें आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहूं.” अन्वयव्यतिरेकाची रीत हीच. संगणक बंद करून पुन्हां सुरू केला, फरक नाहीं. केबल बदलली, फरक नाहीं. मग मधला हब काढून डिस्क थेट संगणकास जोडली, आणि तिचें नांव पडद्यावर उमटलें! यूएसबी २ चें दार ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देतें. तीच हबवरील इतर उपकरणांत वांटली जात होती. डिस्क निरोगी होती, शिधा अपुरा होता.

एवढ्यानेंही न भागल्यास विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावें. डिस्क तेथें हजर असून केवळ तिला ओळखीचें अक्षर मिळालेलें नाहीं, असेंही घडतें. मॅक किंवा लिनक्सच्या पद्धतीनें तयार केलेली डिस्क विंडोजला सहसा वाचतां येत नाहीं, आणि कित्येकदां तो ‘फॉरमॅट’ करण्याविषयीं विचारतो. आंतील मजकूर हवा असेल तर तेथें होकार देऊं नये. मोडी वाचतां येत नाहीं म्हणून जुनें दप्तर बंबांत घालण्यासारखें तें होईल. मात्र डिस्क टक्‌टक् आवाज करूं लागली, तर सारे प्रयोग थांबवून ती जाणत्याच्या हातीं द्यावी.

उपकरणें कधीं खरोखरच मरतात, आणि तेव्हां कोणतेंही तर्कशास्त्र उपयोगी पडत नाहीं. म्हणून जें पुन्हां मिळणार नाहीं, त्याच्या दोन प्रती दोन घरीं असाव्यात. वहिनींच्या गाण्यांची एक प्रत आतां आमच्या पुतणीकडे आहे. यंदां तिच्या सुनेची मंगळागौर आहे, आणि पहिला फेर वहिनींच्या आवाजावर धरावयाचा, असें मुलींनीं ठरविलें आहे.